ज्या ग्रहावर कुणी पाऊल ठेवलं नव्हतं

आये,

परवा एका मेळाव्यात माझं भाषण संपल्यावर एका मुलीनं उभं राहून विचारलं, तुमची आई काय काम करायची? माझं उत्तर नेहमीचं आणि पाठ झालेलं. शेती करायची, गुरं बघायची, चार माणसांचं काम एकटी ओढायची. टाळ्या पडल्या. परत येताना गाडीत मात्र माझं मलाच ते उत्तर अर्धं वाटलं. पुरं उत्तर द्यायचं तर सांगावं लागलं असतं की माझी आई अकरा दिवस एका अवकाशयानावर कामाला होती, ते काम तिला जन्मात केलेल्या कुठल्याही कामापेक्षा जास्त आवडलं होतं, आणि ते पुढं चालू राहिलं असतं पण माझ्यामुळं राहिलं नाही. मी हजारो माणसांसमोर बोलले आहे. एवढं वाक्य मात्र कधी बोलले नाही. म्हणून आज तुझ्यापुढं बसले आहे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी जुन्नरला कॉलेजात होते, वसतिगृहात राहायची आणि शनिवारी दुपारची एसटी धरून आळेफाट्यावरून आपल्या गावी आण्याला यायची. संक्रांत होऊन गेली होती, बाजरी कधीच निघाली होती, रानं उघडी पडली होती. अशात मुंबईहून एका टीव्ही मालिकेची माणसं आली. ती खोडदला त्या मोठ्या दुर्बिणींचं रस्त्यावरून चित्रीकरण करायला आली होती, तिथं कुणीतरी त्यांना आपलं पठार बघा म्हणून सांगितलं. डायरेक्टरनं पठारावर उभं राहून चहूकडं नजर फिरवली आणि म्हणाला, हाच तो ग्रह. आपल्याकडं येणाऱ्या सोयऱ्याधायऱ्यांनी पठार बघून नाकं मुरडली होती, पाणी नाही म्हणून पोरी द्यायला ते कचरले होते. तू मला सांगताना म्हणालीस, “हितं काय बी न्हाई म्हणून खूश झालेला ह्यो पयलाच मानूस बघितला.” गोष्ट अशी होती की सात माणसांचं एक यान तीन वर्षांचा प्रवास करून एका ग्रहावर उतरतं, जिथं आजवर कुणी पाऊल ठेवलेलं नाही. यानाचं दार, तीन पायऱ्या आणि दोन लोखंडी पाय एवढंच पठारावर उभं केलं होतं. प्लायवूडचं दार, त्यावर चंदेरी पत्रा. बाकीचं यान मुंबईत होतं.

अडचण एकच होती. ज्या ग्रहावर कुणी पाऊल ठेवलेलं नाही तिथं दिवसभर पन्नास माणसं बुटांनी हिंडत होती. कॅमेरा सुरू होण्याआधी सगळ्या पायखुणा पुसायला हव्यात, म्हणून गावातून बायका बोलावल्या. तुम्ही तिघी गेलात. तुराट्यांचा खराटा घेऊन उलट्या पावली चालायचं, आपलाही पाय उमटू द्यायचा नाही, आणि शेवटी कडेच्या फळीवर चढून बाजूला व्हायचं. पहिल्याच दिवशी डायरेक्टर ओरडला की हा ग्रह कुणाच्या तरी अंगणासारखा दिसतोय, कारण खराट्याच्या रेघा दिसत होत्या. तेव्हा तू घरी येऊन सूप घेऊन गेलीस. मुरमाची बारीक माती सुपात घेऊन, वारं पाठीशी धरून, धान्य उफणावं तशी तू ती माती उधळलीस, आणि रेघा गेल्या. कॅमेऱ्यामागची माणसं नुसती बघत राहिली. त्यानंतर रोज प्रत्येक शॉटआधी शिट्टी वाजायची आणि तू सूप घेऊन निघायचीस.

तिसऱ्या दिवशी तू ती चूक केलीस. त्या दिवशी यानाचा कप्तान पहिल्यांदा दारातून खाली उतरणार होता. आदल्या संध्याकाळी अर्धा प्रसंग झाला होता, दार उघडेपर्यंतचा; उरलेला अर्धा सकाळी. तू पहाटेच गेलीस. दार बघितलंस, पायऱ्या बघितल्यास. कुणीतरी पहिल्यांदा उंबरा ओलांडणार हे तुझ्या डोक्यात होतं. कुठल्याही दारासमोर करतेस तेच तू केलंस. पायऱ्यांपुढं सडा घातलास आणि चार बोटांची रांगोळी काढलीस, वर हळदकुंकवाची चिमूट. माणसं उठून आली तर दूरच्या आकाशातल्या त्या ग्रहाच्या तोंडावर ओला काळा डाग आणि मधोमध कमळ. डायरेक्टर तुझ्यावर असा काही कडाडला की बाकीच्या दोघी घरी पळाल्या. तू उभी राहिलीस. नंतर मला म्हणालीस की त्याचं काय चुकलं न्हाई, कालचं आन आजचं जुळाया नको का.

ते जुळवण्याचं काम करणाऱ्या एक ताई त्या माणसांत होत्या. चाळिशीच्या, केस बारीक कापलेले, गळ्यात पेन आणि झटपट फोटो काढणारा कॅमेरा. काल कप्तानाचं कोणतं बटण उघडं होतं, कप कुठल्या हातात होता, दार किती बोटं उघडं होतं, हे सगळं टिपून ठेवायचं आणि आज तसंच्या तसं करून घ्यायचं. त्याला ते कंटिन्युइटी म्हणत. ताई रांगोळी बघून आधी खळखळून हसल्या आणि मग डोकं धरून बसल्या, कारण सडा घालताना तू पायऱ्यांपुढचे सात दगडही बाजूला सारले होतेस. तू म्हणालीस, थांबा जरा. ओला थर खरवडून काढलास, कोरडा मुरूम सुपानं पसरलास, आणि सातही दगड एकेक करून जागच्या जागी ठेवलेस. ताईंनी कालचा फोटो काढून पडताळा घेतला. सहा जुळले. सातवा वीतभर उजवीकडं होता. ताई म्हणाल्या, मावशी, हा चुकला. तू म्हणालीस, “फोटू जेवायच्या आदीचा हाय. जेवून आल्यावर लाइटवाल्याची ठेच लागली व्हती त्याला, मंग दार उघडलं.” ताईंनी आपले कागद उलटसुलट केले. शॉट जेवणानंतरचा होता.

हे सगळं तू मला त्याच शनिवारी चुलीपुढं बसून सांगितलंस. मी ताटावर होते. तू भाकरी थापत होतीस आणि मध्येच थापायची थांबत होतीस, हे तुझं कधी होत नसे. तुला इतकं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. मी विचारलं, एवढं कसं लक्षात राहतं? तू म्हणालीस, घरात भांडं हाललं की मला कळतं, आन हे बी घरच हाय, नुसत्या भिंती न्हाईत. ताईंनी तुला त्या दिवसापासून आपल्या शेजारी बसवलं. त्यांची खुर्ची घडीची, तुला एक उलटा खोका. पायखुणा पुसायचं काम होतंच; ते झालं की खोक्यावर येऊन बसायचं आणि बघायचं.

बघता बघता तुला दोन्ही उतरंडी पाठ झाल्या. यानावर सात माणसं. कप्तानाच्या डाव्या बाहीवर तीन सोनेरी पट्ट्या, उपकप्तानाला दोन, यान हाकणारा, मशीन बघणारा आणि डॉक्टरीण यांना एकेक, आणि दूरचे आवाज ऐकणारी पोरगी आणि नकाशे काढणारा यांना एकही नाही. डॉक्टरणीनं एकदा कोट बदलला तेव्हा पट्टी उजव्या बाहीवर आली होती, ती पकडलीस तू. दुसरी उतरंड यान उभं करणाऱ्यांची. टोपी घातलेला डायरेक्टर, कॅमेरा, लाइट, आवाज, कपडे, रंगरंगोटी, चहा. तू म्हणालीस, “यानावर कप्तान म्हणंना तवर कुनी दार उघडत न्हाई, आन खाली टोपीवाला म्हणंना तवर कुनी च्या पीत न्हाई. सारकंच हाय की.” मी तेव्हा जाडजाड पुस्तकं वाचत होते, श्रमाची विभागणी आणि सत्ता यांवर. ती सगळी तू एका वाक्यात गुंडाळून ठेवलीस आणि परातीतला पुढचा गोळा घेतलास.

मग तू तो प्रश्न सांगितलास. तू ताईंना विचारलं होतंस, “सात मानसं, तीन वरसं. कप्तान हाय, डाक्टर हाय, मशीन बगणारा हाय. सैपाक कोन करतं?” त्यांनी लेखकाला विचारलं. लेखकानं डोकं खाजवलं, त्यानंही हा विचार केलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी गोष्टीत एक वाक्य वाढलं. मशीन बघणारा कप्तानापुढं ताट ठेवतो आणि म्हणतो, आज माझी पाळी. तू लगेच विचारलंस, म्हंजे कप्तानाची बी पाळी येती का? ताई म्हणाल्या, येते. हे सांगताना तू एवढी हसलीस की पदर तोंडाला लावलास. तो प्रश्न मी त्याच आठवड्यात तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत विचारला. विज्ञानयुग आणि स्त्री असा काहीतरी विषय होता. सभागृह हसलं, आणि ढाल मला मिळाली. गेली पंचवीस वर्षं मी तो प्रश्न गावोगाव विचारते आहे. लोक तो माझा म्हणून सांगतात आणि मी त्यांना दुरुस्त करत नाही.

दुसऱ्या शनिवारी मी ती ढाल घेऊन एसटीतून उतरले आणि घरी न जाता थेट पठारावर आले, तुला दाखवायला. शेवटचा दिवस होता. उन्हं कलली होती, सगळे घाईत होते. शिट्टी वाजली. आणि मला तू दिसतेस. लुगड्याचा ओचा खोचलेला, डोक्यावर पदर, हातात खराटा, वाकून उलट्या पावली माझ्याच दिशेनं येतेयस. चंदेरी कपड्यातली सात माणसं पायऱ्यांवर उभी आहेत, कुणी पट्टा नीट करतंय, कुणी पाणी पितंय, आणि माझी आई त्यांच्या पायाखालची माती झाडते आहे. मी वीस वर्षांची होते. माझ्या कानशिलात आग पेटली. तू फळीवर चढलीस, वळलीस, मला बघितलंस, आणि तुझा चेहरा असा उजळला की मला आणखीच राग आला.

रविवारी सकाळी ताई निरोप घ्यायला आपल्या घरी आल्या. चुलीजवळ पाटावर बसल्या, ठेचा खाऊन डोळ्यातून पाणी काढत आणखी मागून घेतला. मग म्हणाल्या, मावशी, आता यानाच्या आतलं सगळं मुंबईत करायचंय. वीस दिवस. मला तुमची नजर हवी आहे. माझ्याच घरी राहाल, मी आणीन, मी सोडीन, आणि शेवटी नावं येतात ना, त्यात तुमचं नाव येईल. नवरा काय म्हणतो म्हणून तू दादांकडं बघितलंस. दादा दारात बसून दोर वळत होते. ते मान वर न करता म्हणाले, “जा की. वीस दिसांत मी काय उपाशी मरत न्हाई.” तू म्हणालीस, “तुमी न्हाई मरायचं, पर म्हस आटवून ठेवशाल.” आये, तू निघालीच होतीस. धार कुणी काढायची याचा हिशोब मनात सुरू झाला की तू निघालेली असायचीस, हे मला ठाऊक होतं.

आणि मी उभी राहिले. स्पर्धेत उभी राहते तशीच, पाय जुळवून. मी म्हणाले, “माझी आई तुमच्याकडं केर काढायला मुंबईला येणार नाही. आमच्या आयांनी उभा जन्म दुसऱ्यांच्या पायखुणा पुसण्यात घालवला. आता बास.” वाक्य चांगलं होतं, वाईट इतकंच की ते खोलीतल्या सगळ्यांना ऐकू गेलं. दादांच्या हातातला दोर थांबला. ताईंनी माझ्याकडं नीट बघितलं आणि मग तुझ्याकडं वळून विचारलं, “मावशी, तुम्हाला काय वाटतं?” तू तवा उतरवलास, हात पुसलेस. म्हणालीस, “पोरगी शिकल्याली हाय. ती म्हंती तर आसंल तसं.” आणि ताईंच्या ताटात अर्धी भाकरी वाढलीस. ताईंनी ती सगळी खाल्ली. जाताना त्यांनी तुझ्या हातात तो फोटो दिला, दगडांचा.

मालिका लागली दीडेक वर्षानं, रविवारी सकाळी. आपल्याकडं तोवर टीव्ही आला होता. तू सगळी कामं आटपून बसायचीस. पठार दिसलं तेव्हा आळीतली पोरं ओरडली, हे आपलं, हे आपलं. ते काही मिनिटांत संपलं. पुढं सगळं यानाच्या आतलं. आणि तिथं चुका होत्या. डॉक्टरणीची पट्टी पुन्हा उजवीकडं गेली. उपकप्तानाचा कप टेबलावर डावीकडं होता तो पुढच्या क्षणी उजवीकडं. एकदा कप्तानाच्या बाहीवर दोनच पट्ट्या होत्या, अख्खा भाग तो उपकप्तान होऊन वावरला. तू दर वेळी हळू आवाजात एवढंच म्हणायचीस, हितं मेळ न्हाई. कुणाला उद्देशून नाही. माझ्याकडं तर कधीच बघितलं नाहीस. शेवटी नावं वर सरकायला लागली की पोरं चॅनेल बदलायला धावायची, आणि तू हात आडवा करायचीस. तुला एक अक्षर वाचता येत नव्हतं. तरी सगळी नावं जाईपर्यंत तू पडद्यावरून नजर काढत नव्हतीस.

मी तेव्हा तुझ्या शेजारी बसून काय विचार करायची, तेही सांगते. मी माझं म्हणणं पुन्हा पुन्हा रचायची. तुला तिथं खोक्यावरच बसवलं असतं, शहरातली माणसं गोड बोलून राबवून घेतात, मी तुझा मान राखला. तू गेल्यावर तर हे सगळं फारच सोपं झालं. ज्यांची नावं यादीत येत नाहीत अशा बायकांवर मी व्याख्यानं दिली. लोक रडले. पण वर सांगताना मी एक गोष्ट गाळली. त्या शनिवारी पठारावर, तू खराटा ठेवायला गेलीस तेव्हा, ताई माझ्याकडं आल्या होत्या. त्यांनी मला चहा दिला, ढाल हातात घेऊन बघितली आणि म्हणाल्या, “उद्या मी तुझ्या आईला मुंबईच्या कामासाठी विचारायला येणार आहे. खराट्याचं काम नाही, तिकडं जमीन फरशीची आहे, झाडायला वेगळी माणसं आहेत. ती माझ्या शेजारी खुर्चीवर बसेल. माझ्या पंधरा वर्षांत अशी नजर मी बघितली नाही, तू तिला धीर दे, ती तुझं ऐकते.” सगळं स्वच्छ सांगितलं होतं. रविवारी मी पाय जुळवून उभी राहिले तेव्हा मला पुरतं माहीत होतं की तुला केर काढायला कुणी बोलवत नव्हतं.

कारण काय होतं ते सांगायला मला एवढी वर्षं लागली. पुढच्या महिन्यात पुण्याला विद्यापीठाची स्पर्धा होती. माझं भाषण मी दर शनिवारी चुलीपुढं उभी राहून तुझ्यापुढं करायची. तुला त्यातले शब्द सगळे कळत नसत, पण तू सांगायचीस, मागल्या बारीला हितं थांबली व्हतीस, आज पळालीस. मागल्या बारीला हा हात खाली व्हता. कॉलेजातल्या कुठल्याही सरांना ते दिसलं नाही. तुझी नजर माझी होती. जगात ती फक्त माझ्यावर असायची, आणि अकरा दिवसांत ती सात अनोळखी माणसांच्या बाह्यांवर आणि कपांवर गेली, आणि तू माझ्या भाषणापेक्षा जास्त आनंदानं त्यांच्याबद्दल बोललीस. मला तू घरी हवी होतीस. पायखुणा, केर, आमच्या आया, हे सगळं त्यावर घातलेलं पांघरूण होतं. तत्त्व खरं होतं, आजही खरं आहे, त्यासाठी मी उद्याही भांडेन. पण त्या सकाळी ते मी तुझ्यासाठी वापरलं नाही, तुझ्यावर वापरलं.

आता मी व्यासपीठावरून उतरते तेव्हा लोक पाया पडतात, फोटो काढतात. मी कुठं थांबले, कुठं पळाले, हे कुणी सांगत नाही. मी त्या गर्दीत पदर घेतलेलं एखादं डोकं शोधते, आणि ते दुसऱ्याच कुणा बाईचं असतं, तुझं नसतं.

हे पत्र मी कुठं पाठवू? मामाचं पत्र आलं की ते तुला मीच वाचून दाखवायची. तुझ्याकडं येणारं प्रत्येक अक्षर माझ्या तोंडून आलं. हेही मलाच मोठ्यानं वाचावं लागेल, आणि ते मला जमत नाहीय. मघाशी करून बघितलं, दार लावून. रविवारच्या सकाळपाशी थांबले. तेव्हा घडी घालून ठेवते.

एकच राहिलं. तू मुंबईला गेली नाहीस, त्या वीस दिवसांत तीन शनिवार आले. मी स्पर्धेच्या तयारीसाठी जुन्नरलाच राहिले. एकाही शनिवारी घरी आले नाही.